प्रकाशावर जगणारा शिंपला



कोंकणच्या खाड्यांतील तिसऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्याच दूरच्या गोतांतला एक शिंपला उष्ण समुद्रांतील पोवळ्यांच्या खडकांवर वाढतो. त्याची सर्वांत थोर जात सुमारें ४ फूट लांबीची व २०० किलोंहून अधिक वजनाची होते. शास्त्रज्ञ त्यास ट्रायडॅक्ना म्हणतात. आपण महाशिंपला म्हणूं. याच्या लहान जाती परदेशांतील हौशी लोक घरांत, समुद्राच्या पाण्याच्या काचेच्या हौदांत पाळतात. त्यांची जोपासना कशी करावी, हें आज सांगावयाचें आहे. आणि तें सांगण्याचा अधिकार मला एका अपराधामुळें आला आहे.

माझा मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असतो. सेवानिवृत्तीनंतर मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्याच्या हौदांत वीतभर लांबीचा, निळ्या-हिरव्या झालरीचा एक महाशिंपला होता. मुलगा दिवसा कामावर जाई व हौदाची देखरेख मजकडे असे. एके दिवशीं, काच पुसतांना आड येतो म्हणून, मीं शिंपला उचलून बाजूस ठेविला. उचलतांना किंचित् ओढावें लागलें. बाराव्या दिवशीं तो मेला. मुलगा एका शब्दानेंही मला बोलला नाहीं. परंतु 'आधीं समजून घ्या, मग हात लावा' असें वर्गांत जन्मभर सांगणाऱ्या मास्तरास तें मौन पुरेसें होतें. त्यानंतर या प्राण्याविषयीं मिळेल तें मीं वाचून काढलें.

मुख्य गोष्ट ही कीं, हा प्राणी बव्हंशीं प्रकाशावर जगतो. कवच उघडून तो जी मांसल झालर पसरतो, तिच्यांत असंख्य सूक्ष्म शैवलें राहतात. तीं झाडांच्या पानांप्रमाणें प्रकाशांत साखर तयार करितात व तिचा मोठा वांटा यजमानास देतात. यजमान त्यांना आसरा देतो, आणि आपल्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें त्यांना खत म्हणून पुरवितो. १९२८-२९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख, प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स मॉरिस यंग यांनीं या सहवासाचा अभ्यास करून १९३६ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. तात्पर्य, महाशिंपला पाळणें म्हणजे पाण्याखालीं एक बाग राखणें होय.

म्हणून दिवा प्रखर हवा. डेरासा व स्क्वामोसा या जाती त्यांतल्या त्यांत सोशिक. मॅक्सिमा व क्रोसिया यांस फार प्रकाश लागतो. तथापि नवा शिंपला एकदम झगझगीत उजेडांत न ठेवितां त्यास हळूहळू संवय करावी. हौद निदान सहा महिन्यांचा, स्थिरावलेला असावा. पाण्याचें उष्णमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि खारटपणा समुद्राइतका, म्हणजे हजार भागांत सुमारें ३५ भाग मीठ, असा राखावा. कवच चुन्याचें, तेव्हां दर लिटर पाण्यांत ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम राहील असें पाहावें. पाण्यांत नायट्रेटचा लवलेश नको, असें मात्र नाहीं. शैवलांना तें थोडेंसें हवेंच असतें.

आतां माझ्या अपराधाकडे येतों. कवचाच्या तळाशीं, बिजागरीजवळ, एक छिद्र असतें. त्यांतून चिवट तंतूंचा जुडगा काढून प्राणी खडकास घट्ट धरतो. आपण ओढलें म्हणजे ते तंतू निर्माण करणारा आंतील नाजूक अवयवच फाटतो. हलविणें भागच पडलें, तर धारदार पात्यानें तंतू खडकाजवळ कापावे. याहून बरी युक्ति ही कीं, आरंभींच शिंपल्याखालीं लहानसा सपाट दगड ठेवावा. मग दगडासकट तो उचलतां येतो.

त्याचे शत्रुही आहेत. तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई रात्रीं बाहेर पडून त्याचा रस शोषितात. म्हणून कवचाचा कांठ व तळ वरचेवर तपासावा. झालर कुरतडणारे मासे त्याच्या शेजारीं ठेवूं नयेत.

प्रकृति ओळखण्याची खूण सोपी आहे. झालरीवर शेंकडों बारीक डोळे असतात. हाताची सावली पडतांच निरोगी शिंपला अंग आखडून घेतो. तो आखडेनासा झाला, किंवा जांभई दिल्यासारखा उघडाच राहूं लागला, तर दुखणें आलें असें समजावें. उलट, कवचाच्या कांठावर नवी पांढरी कड दिसली, तर तो वाढीस लागला आहे.

शेवटीं एक विनंती. मांसासाठीं व कवचासाठीं झालेल्या लुटीमुळें हे प्राणी अनेक समुद्रांत विरळ झाले. १९८५ पासून त्यांच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराचें नियंत्रण आहे. पलाऊसारख्या बेटांत त्यांची पैदास करितात. परदेशांतील आपल्या आप्तांनीं तेथलेच घ्यावेत. आपल्या लक्षद्वीप व अंदमानांतल्या महाशिंपल्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे; ते घरीं आणण्याचा विचारही करूं नये. तेथें गेलांत तर वरूनच पाहा, आणि आपली सावली त्यांच्यावर पडूं देऊं नका.

मुलाच्या हौदांत आतां दुसरा शिंपला आहे, सपाट दगडावर बसविलेला. काच मीच पुसतों. त्याच्यामागची वीतभर जागा तेवढी तशीच राहते.