सुवर्णोदर : मॉरिशसच्या समुद्रातील एक गृहस्थ

मॉरिशस म्हटले की डोडो पक्ष्याची आठवण निघते. तो तर सतराव्या शतकातच नामशेष झाला. परंतु केवळ याच भागाचा म्हणावा असा एक जीव प्रवाळभिंतीच्या आतील उथळ पाण्यात आजही नांदत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हा मासा वीतभरही लांब नाही. रंग गर्द तपकिरी, जवळजवळ काळा. अंगावर तीन शुभ्र पट्टे. तोंड, छाती व पोट मात्र पिवळे-नारिंगी. कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली त्यास 'क्रायसोगॅस्टर', म्हणजे सोनेरी पोटाचा, हे ग्रीक नाव दिले.

त्याचे घर म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचे असले तरी तो प्राणीच होय. त्याच्या लवलवत्या बोटांना विषारी दंश असतो. पण अंगावरील बुळबुळीत लेपामुळे या माशास तो बाधत नाही. मासा फुलाचे शत्रू हाकलतो, फूल त्यास आसरा देते.

या घरात सत्ता चालते ती सर्वांत मोठ्या मादीची. तिच्या खालोखाल नर आणि मग लहान पिले. तीही बहुधा तिच्या पोटची नव्हेत, लाटांबरोबर येऊन आश्रयास राहिलेली. अंड्यांवर पंखांनी पाणी घालण्याचे व ती राखण्याचे काम मुख्यतः नराचे. मादी मेली की नराचीच मादी होते आणि पिलांतील थोरला नराच्या जागी येतो. आपल्या घरांतील आजीबाईंना यातील पहिला भाग पसंत पडावा. शेवटच्या भागाविषयी त्या काय म्हणतील कोण जाणे!

या जातीचे काही भाईबंद इराणच्या आखातापासून पॅसिफिकपर्यंत पसरले आहेत. सुवर्णोदराचे विश्व मात्र मॉरिशस आणि कदाचित शेजारचे रेयुनियन, एवढेच.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' जहाज पॉइंट द'एस्नीजवळील प्रवाळभिंतीवर रुतले व ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा लोकांनी कापडी पिशव्यांत उसाची पाचट भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. ज्या उसासाठी पूर्वजांना या बेटावर आणले गेले, त्याचीच ती पाचट!

तापणाऱ्या पाण्यास असा बांध घालता येत नाही. पाणी फार तापले की समुद्रफुलाच्या अंगातील सूक्ष्म शेवाळ निघून जाते व ते पांढरे पडते. २००९ साली ब्ल्यू बेच्या संरक्षित सागरी उद्यानातही प्रवाळ असेच पांढरे पडले. ताहितीजवळील मोरेआ बेटाभोवती २०१६ साली संशोधकांना आढळले की, फिक्या पडलेल्या फुलांतील याच कुळातील मासे पूर्वीपेक्षा फारच कमी अंडी घालतात. पाणी थंडावून फुलांना रंग आला, तेव्हा काही महिन्यांनी मासेही सावरले.