मेडिकलची डिग्री नव्हती, फी म्हणून गाई घ्यायचा. असा डॉक्टर जो कॅलिफोर्नियात हजारो एकरांचा मालक झाला

डॉक्टरची फी आपण कशी देतो? रोख, नाहीतर यूपीआय. पण साधारण १८० वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात एक डॉक्टर होता, ज्याची फी गुरांमध्ये ठरायची. पेशंट जितका लांब, तितकी जनावरं जास्त. या फीच्या जोरावर त्याने स्वतःचा मोठा कळप उभा केला आणि पुढे तो डॉक्टरपेक्षा रँचचा मालक म्हणूनच जास्त ओळखला जाऊ लागला.

त्याचं नाव जॉन मार्श. यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याच्याकडे डॉक्टरकीची डिग्रीच नव्हती.

हार्वर्डमध्ये शिकला, पण डॉक्टर झालाच नाही

मार्शचा जन्म १७९९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. १८२३ मध्ये तो हार्वर्डमधून पदवीधर झाला. ही पदवी बी.ए.ची होती. त्याला व्हायचं होतं डॉक्टर, पण पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते. म्हणून आत्ताच्या मिनेसोटात असलेल्या एका लष्करी किल्ल्यावर त्याने अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकवायची नोकरी धरली.

तिथे डॉ. पर्सेल नावाचे लष्करी सर्जन होते. त्यांच्या हाताखाली मार्श वैद्यक शिकू लागला. त्या काळी अमेरिकेत बरेच डॉक्टर असेच, गुरूच्या हाताखाली तयार व्हायचे. पण शिक्षण पूर्ण होण्याआधीच पर्सेल वारले आणि मार्शची डॉक्टरकी पुन्हा अर्धवट राहिली.

पुढची काही वर्षं त्याने सरकारच्या वतीने स्थानिक आदिवासी जमातींमध्ये काम केलं. सू लोकांची भाषा शिकला. फ्रेंच आणि सू वंशाच्या मार्गरीटसोबत संसार थाटला, त्यांना चार्ल्स नावाचा मुलगा झाला. मार्गरीट वारली. त्यातच, आदिवासींना बेकायदा बंदुका विकल्याचा आरोप मार्शवर आला. मुलाला ओळखीच्यांकडे ठेवून त्याने पश्चिमेची वाट धरली आणि सांता फेमार्गे १८३६ मध्ये लॉस एंजेलिस गाठलं.

लॅटिन डिप्लोमा कामाला आला

तेव्हा कॅलिफोर्निया अमेरिकेत नव्हता, मेक्सिकोत होता. लॉस एंजेलिस हे छोटंसं गाव होतं आणि शिकलेला डॉक्टर सापडणं मुश्कील होतं.

मार्शने गावच्या कारभारी मंडळाकडे प्रॅक्टिसची परवानगी मागितली आणि हार्वर्डचा डिप्लोमा पुढे ठेवला. डिप्लोमा होता लॅटिनमध्ये. तो बी.ए.चा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि फेब्रुवारी १८३६ मध्ये परवानगी मिळाली.

आजच्या भाषेत याला सरळ फसवणूक म्हणतात. पण दुसरी बाजूही आहे. पर्सेलच्या हाताखाली तो जे शिकला होता, तेवढंही ज्ञान असणारा माणूस त्या मुलखात मिळत नव्हता.

फी म्हणून गुरंच का?

कारण लोकांकडे नाणीच नव्हती. त्या काळच्या कॅलिफोर्नियाचं सगळं अर्थकारण गुरांवर चालायचं. बॉस्टनहून जहाजं यायची, कापड, भांडी, हत्यारं द्यायची आणि बदल्यात वाळवलेली कातडी आणि चरबी घेऊन जायची. कातड्यांचे बूट व्हायचे, चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण. व्यवहारात कातडं इतकं चालायचं की त्याला 'कॅलिफोर्नियाची नोट' म्हणायचे.

लॉस एंजेलिसमध्ये मार्शला फी म्हणून ही कातडीच मिळत होती. वर्षभरात त्याने ती विकली, उत्तरेकडे गेला आणि १८३७ मध्ये माउंट डायब्लो डोंगराच्या पायथ्याशी 'रँचो लोस मेगानोस' ही जागा विकत घेतली. पुढे अमेरिकी सरकारने कागदोपत्री मान्य केलेलं तिचं क्षेत्र होतं १३ हजार एकरांहून जास्त.

रँच घेतली तरी डॉक्टरकी सुटली नाही. बोलावणं आलं की तो घोड्यावर बसून लांबलांबचे पल्ले मारायचा आणि फी म्हणून जनावरं घेऊन यायचा. आसपासच्या मिवोक आदिवासींवरही त्याने उपचार केले. त्याच मिवोक लोकांनी त्याचं मातीच्या विटांचं घर बांधायला मदत केली आणि त्याची गुरंही राखली.

पत्रं लिहून माणसं बोलावली

कॅलिफोर्निया किती सुपीक आहे, इथे कसं यायचं, हे सांगणारी पत्रं मार्श अमेरिकेत पाठवायचा. ती पेपरात छापून यायची. त्यामुळे १८४१ मध्ये बिडवेल-बार्टल्सन तांडा मिसुरीहून निघाला आणि सहा महिन्यांच्या हालअपेष्टांनंतर त्याच्या रँचवर पोहोचला. जमिनीवरून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या अमेरिकी वसाहतवाल्यांचा हा पहिला संघटित तांडा मानला जातो.

पण तांड्यातल्या जॉन बिडवेलने आपल्या आठवणींमध्ये मार्शच्या चिक्कूपणाबद्दल कडवटपणे लिहिलंय. पैशाच्या बाबतीत हा माणूस हात आखडता घेणारा, ही त्याची ख्याती कायम राहिली.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. हजारो लोक आले, त्यांना खायला मांस हवं होतं आणि गुरांचे भाव कडाडले. मार्श श्रीमंत झाला. १८५१ मध्ये त्याने ॲबी टकशी लग्न केलं, मुलगी झाली, मोठं दगडी घर बांधायला घेतलं. पण घर पूर्ण व्हायच्या आधीच १८५५ मध्ये ॲबी वारली.

पगाराचा वाद जिवावर बेतला

१८५६ मध्ये मार्शला एक सुख मिळालं. मागे सोडून आलेला मुलगा चार्ल्स शोध घेत रँचवर आला आणि बापलेकांची भेट झाली. पण २४ सप्टेंबर १८५६ ला मार्श घोडागाडीतून मार्टिनेझ गावाकडे निघाला असताना वाटेत त्याचा खून झाला. मारेकरी त्याच्याच रँचवर काम केलेले गुराखी होते आणि वाद होता मजुरीचा.

पेशंटकडून फीचं जनावर मोजून घेणारा हा डॉक्टर शेवटी दुसऱ्यांच्या मेहनतान्याच्या वादात गेला. त्याचं दगडी घर भूकंपांचे तडाखे खाऊनही आज कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवूडजवळ उभं आहे आणि त्या परिसराला त्याचंच नाव आहे, मार्श क्रीक.