घरातील वातानुकूलन : शास्त्र आणि व्यवहार



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, अर्थकारण असे मोठे विषय आपण ऐकत आला आहात. आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. भिंतीवर टांगलेले वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण सारे ज्याला 'एसी' म्हणतो ते, कसे वापरावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. वैशाखातली संध्याकाळ आहे, आपण उघड्या पटांगणात बसलो आहोत, आणि व्याख्यान संपल्यावर आपणांपैकी पुष्कळजण घरी जाऊन प्रथम त्याच यंत्राचे बटण दाबणार आहेत. तेव्हा विषय लहान असला, तरी अवेळी नाही.

या यंत्राविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. हे यंत्र गारवा निर्माण करते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः गारवा नावाची वस्तू कोणी निर्माण करीत नाही. यंत्र फक्त खोलीतली उष्णता उचलते आणि घराबाहेर नेऊन टाकते. तो एक हमाल आहे. आज मी जे जे सांगणार आहे, ते सारे या एका गोष्टीतून निघते. ती मनात ठसली, की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

हमाल उष्णता उचलतो कशी? याचे उत्तर आपल्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते, आणि उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. इंजेक्शनपूर्वी दंडावर स्पिरिट लावले, की गार लागते, त्याचेही कारण हेच. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते, आणि ती तो जवळपासच्या वस्तूंतून काढून घेतो. वातानुकूलन यंत्रात एक विशिष्ट द्रव बंद नळ्यांतून फिरत असतो. खोलीतल्या नळ्यांत त्याच्यावरील दाब कमी ठेवलेला असल्यामुळे तो खोलीच्या उष्णतेनेच उकळतो आणि ती शोषून घेतो. मग बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबलेली वाफ बाहेरच्या हवेहून अधिक तापते, तिथे आपली उष्णता सोडून देते आणि पुन्हा द्रव होऊन आत येते. हा फेरा अखंड चालू असतो.

उष्णता आपण होऊन उष्ण जागेकडून थंड जागेकडे जाते. आपल्याला हवे असते त्याच्या उलट. विहिरीतले पाणी आपण होऊन वर येत नाही, ते शेंदावे लागते, तसेच हे आहे. विजेचे बिल म्हणजे या शेंदण्याची मजुरी. चांगले यंत्र एक युनिट वीज घेऊन साधारण तीन ते चार युनिट उष्णता बाहेर काढते. मजुरी कमी करावयाची, तर दोन उपाय आहेत. एक, विहीर उथळ ठेवावी. म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतील अंतर उगाच वाढवू नये. दुसरा, पोहरा फुटका नसावा. म्हणजे एकीकडून काढलेली उष्णता दुसरीकडून आत येऊ देऊ नये.

पहिला उपाय घेऊ. उन्हातून घरी आलेला मनुष्य रिमोट उचलतो आणि तापमान १६ अंशांवर नेतो. खोली लवकर गार व्हावी, हा हेतू. पण खोली तापलेली असताना यंत्र १६ वर लावा की २४ वर, ते आपल्या पूर्ण शक्तीनेच चालते. पुढच्या गावाचे तिकीट काढले म्हणून एस.टी. अधिक वेगाने धावत नाही. फक्त आपण आपल्या गावी उतरत नाही. १६ अंशांचेही तसेच. खोली २४ वर येऊनही यंत्र थांबत नाही, आणि मध्यरात्री घरातली मंडळी पांघरुणे शोधू लागतात. तापमान एका अंशाने वर ठेवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा आपल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू करताच तो प्रथम २४ अंशांवर असावा, असा नियम भारतात झाला. तो आकडा बदलण्याची मुभा आपल्याला आहे. विवेकाने बदलावा, इतकेच.

याच्या जोडीला छताचा पंखा मंद चालू ठेवावा. पंखा हवा थंड करीत नाही, पण घाम उडवून शरीर थंड करतो. २६ अंशांवर पंख्यासह जी झोप लागते, ती बहुतेकांना २४ अंशांवर पंख्याशिवाय लागणाऱ्या झोपेइतकीच सुखाची वाटते. साधा पंखा ७५ वॉट घेतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण शक्तीने चालताना दीड हजार वॉटच्या आसपास. म्हणजे एका एसीत वीस पंखे! हमालाचा भार पंख्याला उचलू देण्यात शहाणपण आहे.

हा 'टन' काय, हेही सांगतो, कारण पुष्कळांना ते यंत्राचे वजन वाटते. तसे असते, तर आपल्या भिंती केव्हाच कोसळल्या असत्या. हा शब्द बर्फाच्या व्यापारातला आहे. अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ कापून जहाजाने परदेशी पाठवीत. १८३३ साली तो बोस्टनहून कलकत्त्यास येऊन पोहोचला होता. पुढे यंत्रे आली, पण माप बर्फाचेच राहिले. २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील, तितकी काढणारे यंत्र एक टनाचे. हा वेग सुमारे साडेतीन किलोवॉट होतो.

आता दुसरा उपाय, फुटका पोहरा. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. माणसांना आपण बाहेर घालवू शकत नाही; पण पश्चिमेच्या खिडकीला घालवू शकतो. दुपारच्या उन्हात तिच्या काचेवर दर चौरस मीटरला पाचशे वॉटच्या वर ऊन पडू शकते. पडदा आतून लावला, तर ऊन काच ओलांडून आत आलेलेच असते. म्हणून बाहेरून छज्जा, चिकाचा पडदा किंवा निदान एखादी वेल उपयोगी. दाराखालची फट बुजवावी. इस्त्री आणि स्वयंपाक एसीच्या खोलीत करू नये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीला पांढरा लेप दिला, तर यंत्राचे बरेच काम तिथेच हलके होते.

या यंत्राचे आणखी एक काम आहे आणि त्याची दखल फार थोडे घेतात. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी अशी यंत्रणा आखली, ती कामगारांच्या सुखासाठी नव्हे. हवेतील दमटपणाने कागद फुगे, आकसे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. हवेतले पाणी काढणे, हा त्याचा हेतू होता. आपल्या एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकते, ते हेच. नागपूरच्या मंडळींना मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यावर किंवा कूलरवर भागवता येते, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते. मुंबईत तोच कूलर लावला, तर खोली दमट मात्र होते. म्हणून कोरड्या गावी प्रथम कूलरचा विचार करावा, त्याची वीज एसीच्या मानाने फारच थोडी. किनाऱ्यावर एसीचा उपयोग अधिक, पण तिथे खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र घेऊ नये. ते खोली चटकन थंड करून थांबते, दमटपणा तसाच राहतो, आणि अंगाला गार पण चिकट वाटते.

निगा राखणे कठीण नाही. आतल्या पेटीतील जाळी दर पंधरवड्यास काढून पाण्याने धुवावी आणि वाळवून बसवावी. तिच्यावर धूळ साचली, की हमालाच्या नाकावर फडके बांधल्यासारखे होते. बाहेरच्या पेटीभोवती हवा खेळती हवी. तिच्यापुढे जुने सामान रचू नये. यंत्र बंद केल्यावर लगेच चालू करू नये, तीन मिनिटे थांबावे, म्हणजे नळ्यांतील दाब सारखा होतो. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आतला गॅस झिजत नाही, संपत नाही. तो बंद नळ्यांतच फिरतो. दरवर्षी कोणी 'गॅस भरावा लागेल' असे सांगू लागला, तर कुठेतरी गळती आहे. ती बुजविल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. जुन्या यंत्रांतील आर-२२ या गॅसने पृथ्वीभोवतीचे ओझोनचे कवच झिजते, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो मागे पडत गेला. आज प्रचलित असलेला आर-३२ ओझोनला अपाय करीत नाही. पण हवेत गळला, तर पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सहाशेहून अधिक पट प्रभावी आहे. शिवाय तो थोडासा ज्वालाग्राही आहे, आणि काही यंत्रांत वापरला जाणारा प्रोपेन तर चांगलाच ज्वालाग्राही. गळतीची शंका आली, तर दारे-खिडक्या उघडाव्यात, ज्योत लावू नये आणि जाणत्या कारागिरास बोलवावे. बाहेरची पेटी मात्र त्याला उभे राहता येईल अशा जागी बसवावी. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर दोरीशिवाय लोंबकळणारा मनुष्य आपल्या गारव्यासाठी जीव पणाला लावीत असतो.

आता ज्या गोष्टींत चूक झाल्यास बिल वाढत नाही, प्राण जातात, त्यांकडे येतो.

पहिली वीज. मघाचे वीस पंखे आठवावेत. इतका प्रवाह तासन्‌तास एकाच पिनेतून वाहतो. माझ्या एका स्नेह्यांनी भाड्याच्या घरात टेबलदिव्यासाठी घेतलेल्या लांब वायरीवर एसी चालविला. तिसऱ्या रात्री जळका वास आला म्हणून ते जागे झाले. पाहतात तो पिनेभोवतीचे प्लास्टिक मऊ होऊन वाहू लागलेले. वास आला नसता, तर पुढचे सांगावयास नको. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि ढिली पिन म्हणजे जणू शेगडीच. म्हणून एसीला मुख्य पेटीपासून स्वतंत्र तार हवी, तांब्याची आणि पुरेशा जाडीची. १६ अँपिअरची पिन, योग्य क्षमतेचा आपोआप तुटणारा स्विच, खरेखुरे अर्थिंग, आणि शॉक जीवघेणा होण्यापूर्वी वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे रक्षक उपकरण. वारंवार स्विच पडत असेल, तर मोठा स्विच बसवू नये. तो का पडतो, ते शोधावे. चालू यंत्राची पिन हाताला गरम लागली, तर तीच पहिली सूचना समजावी.

दुसरी हवा. घरगुती एसी बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. खोलीतलीच हवा तो पुन:पुन्हा फिरवितो. म्हणून रोज काही वेळ खिडक्या उघडाव्यात, आणि खोलीत माणसे अधिक असतील, तर एखादी फट मुद्दाम ठेवावी. बंद खोलीत कोळसे पेटविणे तर कधीच नको. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक आणि धुरी देण्याची चाल आहे. पूर्वीच्या घरांत कौलांतून, फटींतून धूर निघून जाई. एसीच्या घट्ट बंद खोलीत तीच शेगडी कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठविते. त्याला वास नाही, रंग नाही. खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरातील गॅसच्या बंबाविषयीही हीच दक्षता हवी. त्याचा धूर बाहेर जाण्यास वाट असलीच पाहिजे.

इतके ऐकून कोणी म्हणेल, की मग हे यंत्र वापरूच नये. तसे माझे म्हणणे नाही. काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा गुण खरा, पण त्याचीही मर्यादा आहे. मे महिन्यात मुले घरी आली, की लावावयाचा म्हणून घेतलेला एसी झाकून ठेवून, बिलाच्या भीतीने उकाड्यात बसणारी वृद्ध जोडपी मी पाहिली आहेत. वय वाढते, तसा घाम कमी येतो, तहानही कमी लागते. उष्माघात अशा शरीराला लवकर गाठतो. त्यांच्यासाठी दुपारी चार तास २६ अंशांवर चाललेला एसी ही चैन नसून औषध आहे. तरुणांनी १६ अंशांवर पांघरूण घेऊन झोपावे आणि आजीने पदराने वारा घ्यावा, हा हिशेब मात्र उलटा आहे.

आणि शेवटचे. हमालाने उचललेले ओझे नाहीसे होत नाही. आपल्या खोलीतली उष्णता, अधिक यंत्राने खाल्लेली वीज, दोन्ही मिळून बाहेर पडतात. गल्लीत, बोळात, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर. त्या खिडकीत कदाचित एसी नसेल. म्हणून बाहेरच्या पेटीचे तोंड कोणाकडे आहे, हे बसविण्यापूर्वी एकदा बाहेर उभे राहून पाहावे, आणि लागेल तितकीच उष्णता उपसावी. आज घरी गेल्यावर रिमोट हाती घ्याल, तेव्हा दोन अंश वर न्या आणि पंखा लावा. उद्या सकाळी जाळी धुवा, पिन तपासा. एवढे झाले, तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही, असे मी समजेन.