विकत घेतलं, तरी आपलं नाही?

“आई, माझा गेम गेला!”

रविवारची दुपार होती. मी भाजणी चाळत होते. अकरावीतल्या आमच्या चिरंजीवांचा चेहरा असा पडलेला, की माझ्या पोटात धस्सच झालं. विचारलं तर फुटबॉलचा कसलासा गेम. दीड वर्षापूर्वी भाऊबीज आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्यानं तो अठराशे रुपयांना ऑनलाइन घेतला होता. कंपनीनं म्हणे सर्व्हर बंद केला. आता गेम उघडला, की इंग्रजीत एक ओळ दिसते आणि पुढे काहीच नाही.

“बरं झालं. आता अभ्यास कर,” मी पटकन बोलून गेले. खरं सांगा, तुम्हीही हेच म्हणाला असतात ना?

रात्री जेवताना तो हळूच म्हणाला, “तू घेतलेला मिक्सर दीड वर्षानं कंपनीवाल्यानं येऊन उचलून नेला, तर तू काय करशील?” मी घास हातात धरून बसले. वॉरंटी संपली म्हणून मिक्सर कुणी नेत नाही! शिवाय नोकरीसाठी बंगळुरूला गेलेल्या चुलतभावाबरोबर तो दर शनिवारी हाच गेम खेळायचा. दोघांनी मिळून जमवलेली टीमही त्याबरोबर गेली होती.

मला आठवली श्रीरामपूरची मामाकडची उन्हाळ्याची सुट्टी. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्यात घालायची ती पिवळी कॅसेट. नाही चालली, की काढून फुंकर मारायची आणि परत घालायची! मारिओ, काँट्रा यांवरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. तो डबा मामीनं माळ्यावर ठेवला होता. गेल्या दिवाळीत काढला तर पठ्ठ्या चालू झाला.

मग आताचाच का मेला? लेकानं समजावलं ते असं. पूर्वी सगळा गेम कॅसेटमध्येच असायचा. आताच्या बऱ्याच गेमचा अर्धा जीव आपल्या हातात, अर्धा कंपनीच्या दूरच्या संगणकात. खेळायच्या आधी तिकडून परवानगी लागते. तिकडचं बटण बंद, की इकडे अंधार. अटींच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की तुम्ही गेम विकत घेतला नाही, फक्त वापरायचा परवाना घेतला. पैसे देताना बटणावर मात्र ‘खरेदी करा’ असंच असतं!

हे दुखणं जगभरचं आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या घरात निरुपयोगी होऊन पडला. तेव्हा रॉस स्कॉट नावाच्या एका यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. त्याच्यामागे ना मोठी संस्था, ना पक्ष. होते ते गेम विकत घेतलेले साधे ग्राहक.

त्यांची मागणी ऐकाल तर नवल वाटेल. सर्व्हर कायम चालवा, असं ते म्हणतच नाहीत. दुकान बंद करायचं तर करा, पण जाताना आमचा गेम आमच्या घरी चालेल अशा स्थितीत सोडून जा, एवढंच. कंपन्यांचं म्हणणं, की यात खर्च वाढतो आणि खासगी सर्व्हरवर खेळणाऱ्यांच्या सुरक्षिततेची हमी आम्ही कशी देणार? हाही मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण मग विकतानाच सांगा ना, की हा गेम अमुक वर्षांपुरताच आहे!

युरोपीय संघात नागरिकांनी दहा लाख सह्या जमवल्या, तर तिथल्या आयोगाला त्या मागणीवर उत्तर द्यावं लागतं. २०२५ च्या जुलैत हा आकडा पार झाला. तपासणीनंतर सुमारे १२ लाख ९४ हजार सह्या ग्राह्य ठरल्या. ब्रिटनमध्ये एक लाखावर सह्या झाल्या आणि ३ नोव्हेंबर २०२५ ला संसदेत चर्चा झाली. कायदा बदलायला तिथलं सरकार तयार झालं नाही. पण ‘द क्रू’च्या पुढच्या भागाला कंपनीनं सर्व्हरशिवाय खेळायची सोय दिली. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून नियम केला, की परवाना विकत असाल तर ते स्पष्ट सांगा.

“अगं, खेळच तो! जपून काय करायचाय?” माझी जाऊ म्हणाली. आपल्या मूकपटांबद्दलही एके काळी लोक असंच म्हणत. बहुतेक मूकपट कायमचे गेले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांची रिळं शोधून जपली, म्हणून थोडं तरी आपल्याला बघायला मिळतं. अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका पाहणीत आढळलं, की २०१० पूर्वीच्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. आपल्या मुलांचं बालपण त्यांतच गेलंय, बायांनो!

आणि जपणं म्हटलं, की आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतातच. संकरित बियाणं दर वर्षी दुकानातून आणावं लागतं. गावठी बी मात्र घरच्या घरी राखता येतं, शेजारणीला देता येतं. शाळेत न गेलेल्या या बाईनं हे ओळखलं, गावठी वाणांची बीजबँक उभी केली आणि पद्मश्री मिळवली. वस्तू आपल्या हातात राहणार की दर वेळी दुसऱ्याच्या दारात जावं लागणार, हा प्रश्न गेमच्या बाबतीतही तोच आहे.

ग्राहकांनी एकत्र यायचं, हे काही आपल्याला नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली. तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आता २०१९ चा नवा कायदा आहे. गेम वाचवण्यासाठी त्यात वेगळं कलम नाही, पण ‘सेवेतील त्रुटी’ आहे, ‘अनुचित करार’ही आहे. योग्य कारण नसताना एकतर्फी करार मोडायची मुभा देणारी अट अनुचित ठरू शकते. त्याची दाद राज्य आयोगाकडे मागायची.

मी काय केलं? लेकाला बसवून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल लिहायला लावला. उत्तर आलं, ‘अटी वाचा.’ मग १९१५ ला फोन केला. मराठीत बोलले, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत. पण लेकाच्या वर्गातल्या आणखी चौघांचा तोच गेम गेलाय हे कळलं. त्यांच्या आया परवा आमच्याकडे चहाला आल्या होत्या. येताना बिलं घेऊन आल्या होत्या!

हे लक्षात असू द्या

• ऑनलाइन गेम घेतल्यावर पावती, पैसे गेल्याचा मेसेज आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. इंटरनेटशिवाय चालतो का, हे घेण्याआधीच विचारा.

• ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं, असा २०२० चा नियम आहे.

• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

• तिथे काम न झालं, तर अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो तिथेच. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

• मूल अज्ञान असेल, तर आई किंवा वडील तक्रार करू शकतात. तक्रार अनेकांची एकच असेल, तर आयोगाच्या परवानगीनं सर्वांच्या वतीनं एकच दाखल करता येते.