देशाची हाक, क्लबचा हक्क!

माहीत आहे का, ‘देश आधी की घर आधी?’ या प्रश्नाची दोन्ही उत्तरं महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीच देऊन झाली आहेत? पोलादपूरच्या उमरठचे तानाजी मालुसरे. घरात रायबाच्या लग्नाची गडबड आणि हे निघाले कोंढाण्यावर! साल १६७०. आणि दुसरीकडे आपली हिरकणी. सूर्य मावळला, रायगडाचे दरवाजे बंद, नियम म्हणजे नियम! पण खाली तान्हं बाळ भुकेलं. आख्यायिका सांगते की बाई अंधारात कडा उतरली आणि घर गाठलं. ज्या राजासाठी तानाजी लढले, त्याच राजाने हिरकणीचंही कौतुक केलं आणि बुरुजाला तिचं नाव दिलं.

दोघंही पास. फुल मार्क्स!

आज हिरकणीवाडीतून रोपवेत बसलं की चार-पाच मिनिटांत गडावर. पण फुटबॉलपटूंसाठी असा रोपवे कुणी बांधलेला नाही. एका टोकाला देशाची जर्सी, दुसऱ्या टोकाला क्लबचा पगार, आणि मधे खेळाडू. चला, एकेक भन्नाट किस्सा बघूया!

माहीत आहे का, एक पठ्ठ्या एकाच दिवशी देशासाठीही खेळला आणि क्लबसाठीही? दिवस ११ नोव्हेंबर १९८७. वेल्सचा मार्क ह्यूज दुपारी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पूर्ण मॅच खेळला. शिट्टी वाजली, थेट विमान, म्युनिक! तिथे त्याच्या क्लबचा, बायर्नचा, कपचा सामना चालू झालेला. हा दुसऱ्या हाफमध्ये सब्स्टिट्यूट म्हणून मैदानात हजर. एका दिवसात दोन देश, दोन जर्सी, दोन मॅच.

आणि गंमत म्हणजे बायर्नला याची सवयच होती. १९८५ मध्ये त्यांचा सोरेन लर्बी डब्लिनमध्ये डेन्मार्ककडून खेळला आणि त्याच संध्याकाळी जर्मनीतल्या बोखुममध्ये बायर्नकडून. खेळाडू की एसटीची डबल ड्युटी!

आता उलटा किस्सा. रायन गिग्ज. वेल्सकडून पदार्पण १९९१. पण देशासाठी पहिली फ्रेंडली मॅच कधी खेळला? २००० मध्ये! तब्बल नऊ वर्षं. स्पर्धेचे सामने असले की गडी हजर, फ्रेंडली आली की गैरहजर. क्लब होता मँचेस्टर युनायटेड आणि मॅनेजर होते ॲलेक्स फर्ग्युसन. पुढचं सांगायला नको.

पण नियम काय सांगतो? फिफाचं कॅलेंडर काही ठरावीक तारखांना ‘विंडो’ म्हणतं. विंडोत देशाने बोलावलं की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. विंडोबाहेर बोलावलं तर? क्लबची मर्जी! खिडकी उघडी तर देश आत, खिडकी बंद तर देश दारात उभा.

आणि दारात उभं राहणं म्हणजे काय, ते आपल्या भारतीय संघाला विचारा. २०२३ ची हांगझोऊ एशियन गेम्स. ही स्पर्धा विंडोत बसत नाही. त्यात आपली इंडियन सुपर लीग २१ सप्टेंबरला सुरू होणार आणि भारताची चीनशी मॅच १९ सप्टेंबरला! क्लब म्हणाले, आमचे खेळाडू सोडणार नाही. याद्या बदलल्या, नावं गळली, नवी नावं आली. शेवटी जो संघ जमला तो मॅचच्या आदल्या दिवशी चीनमध्ये पोहोचला. धड सराव नाही, धड झोप नाही.

तरी माहीत आहे का, हाफटाइमला स्कोअर काय होता? १-१! राहुल के. पी.ने अवघड कोनातून असा गोल ठोकला की बघत राहावं. मग पायातला जीव संपला आणि दुसऱ्या हाफमध्ये चार गोल बसले. ५-१. मला या पराभवाचा राग खेळाडूंवर अजिबात येत नाही. ती पोरं जीव तोडून पळली. हरलं ते कॅलेंडर! एकाच देशातली लीग आणि त्याच देशाचा संघ दोन दिवसांच्या अंतराने मैदानात उतरवणाऱ्यांनी एकदा तरी त्या संघासोबत ते विमान पकडायला हवं होतं.

त्या संघात ३९ वर्षांचा एक माणूस होता. सुनील छेत्री. हो, तोच, जो कधीकाळी गोव्याच्या डेम्पोकडून खेळला आणि नंतर मुंबई सिटीकडून. २०१५ मध्ये मुंबईसाठी हॅटट्रिक मारून आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला भारतीय ठरला. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्याने देशाच्या जर्सीला निरोप दिला. क्लबचं खेळणं चालूच. पण मार्च २०२५ मध्ये देशाने पुन्हा हाक मारली, हा चाळिशीत परत आला आणि मालदीवविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये गोल! ‘रिटायर’मधून थेट ‘री-फायर’.

त्याला परत बोलावणारा कोच कोण? मानोलो मार्केझ. आणि माहीत आहे का, हा माणूस त्या वर्षी एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसला होता? भारताचा कोच आणि एफसी गोवाचाही कोच! रविवारी क्लब, सोमवारी देश. गोव्याला त्याने मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकून दिला. देशाच्या खात्यात मात्र एकच विजय, तोच मालदीवचा.

थांबा, खरा तडका पुढे आहे. त्या सुपर कप फायनलमध्ये गोव्याने जमशेदपूरला ३-० हरवलं. जमशेदपूरचा कोच होता खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफसीचा जुना कोच. तीन महिन्यांनी भारताचा नवा कोच म्हणून कुणाचं नाव आलं? खालिद जमील! म्हणजे क्लबच्या फायनलमध्ये एका बाकावर देशाचा आजचा कोच, दुसऱ्या बाकावर उद्याचा. स्क्रिप्ट लिहायला बसलं तरी असं सुचणार नाही.

आणि नव्या कोचच्या स्वागताला काय? पुन्हा तीच खिडकी! ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपसाठी शिबिर लागलं. शिबिर विंडोबाहेर, म्हणून मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. जे आले त्यांना घेऊन जमील ताजिकिस्तानला गेले, पहिल्याच मॅचमध्ये यजमानांना २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर मात देऊन तिसरा नंबर घेऊन परतले. टाळ्या!

पण जरा क्लबच्या बाजूनेही बघूया ना! पगार क्लब देतो, गुडघा देशासाठी खेळताना मोडतो. मग दवाखान्याचं बिल कुणाचं? बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबचा अब्देलमजीद उल्मर्स २००४ मध्ये मोरोक्कोसाठी खेळताना जखमी झाला आणि अनेक महिने बाहेर बसला. क्लबने थेट फिफालाच कोर्टात खेचलं! युरोपातले बडे क्लब पाठीशी उभे राहिले आणि २००८ मध्ये समझोता झाला. तेव्हापासून वर्ल्ड कपला खेळाडू पाठवणाऱ्या क्लबांना पैसे मिळायला लागले.

किती? माहीत आहे का? २०२२ च्या कतार वर्ल्ड कपसाठी फिफाने ५१ देशांतल्या ४४० क्लबांना मिळून सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर वाटले. एका खेळाडूमागे दिवसाला दहा हजार डॉलरहून जास्त. खेळाडू बाकावर बसून राहिला तरी मीटर चालू!

आणि ‘देशाला नाही म्हणालो की क्लबसाठी मोकळा’ असं वाटत असेल, तर जोएल मातिपची गोष्ट ऐका. २०१७ मध्ये कॅमेरूनने आफ्रिका कपसाठी बोलावलं, हा नाही म्हणाला. झालं! नियमाच्या भीतीने लिव्हरपूलनेच त्याला काही मॅच बाहेर ठेवलं, फिफाने हिरवा कंदील दाखवेपर्यंत. देशही नाही, क्लबही नाही, नुसती गॅलरी.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जॉर्ज विया. १९९५ चा बॅलन डी’ओर विजेता, एसी मिलानचा सुपरस्टार. त्याच्या लायबेरियाकडे संघ पाठवायला पैसे नव्हते. मग विमानाची तिकिटं कोण काढायचं? किट कोण घ्यायचं? विया! स्वतःच्या खिशातून. क्लबकडून कमावलं, देशासाठी उधळलं. पुढे लोकांनी त्याला राष्ट्राध्यक्षच केलं.

आता आपल्या घरचे किस्से! माहीत आहे का, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू आपल्या मुंबईच्या मैदानांचा होता? नेव्हिल डिसोझा. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न, यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आजवरची आपली सर्वोत्तम कामगिरी! आणि हा मुलगा जन्मला होता गोव्यातल्या आसगावला, जिथे १९५६ मध्येही पोर्तुगालचंच राज्य होतं. गाव परक्या झेंड्याखाली, गोल मात्र तिरंग्यासाठी. पुढे कॅल्टेक्सच्या टीमकडून त्याने १९५८ चा रोव्हर्स कपही जिंकला. हो, पेट्रोलवाली कॅल्टेक्स. तेव्हा मुंबईत क्लब म्हणजे बऱ्याचदा कंपनीच असायची.

गोव्याचाच आणखी एक. डेम्पोचा क्लायमॅक्स लॉरेन्स. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध गोल होईचना. नव्वद मिनिटं संपली आणि ९१ व्या मिनिटाला गोल कुणी मारला? क्लायमॅक्सने! नावाला जागणं यालाच म्हणतात. तो कप भारताने जिंकला आणि २७ वर्षांनी एशियन कपचं दार उघडलं.

पुण्याची गोष्ट तर काळजाला भिडणारी. पुणे एफसीकडून एक जपानी मिडफिल्डर खेळायचा, अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. भारताकडून खेळायचं होतं, पण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. मग त्याने काय केलं? जपानी पासपोर्ट सोडला! जगातल्या सर्वात दमदार पासपोर्टपैकी एक दिला आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. क्लबने माणूस आणला, देशाने ठेवून घेतला.

२०२५ मध्ये तसंच बंगळूरच्या रायन विल्यम्सने केलं. ऑस्ट्रेलियात जन्म, ऑस्ट्रेलियासाठी एक मॅचही खेळलेला. तरी तो पासपोर्ट सोडून भारतीय झाला. कारण? आईचं माहेर मुंबई! आजोबा लिंकन ग्रॉस्टेट पन्नासच्या दशकात संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळले होते. आजोबांचं अर्धं राहिलेलं काम नातवाने हातात, सॉरी, पायात घेतलं.

आणि मराठी घरातलं उदाहरण हवं? नमित देशपांडे. मुंबईत जन्मला, अमेरिकेत न्यू जर्सीत वाढला, पण जर्सी घातली ती इंडियाची! २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपच्या भारतीय संघात होता. आणि भारताची पहिली मॅच कुणाशी? अमेरिकेशी!

त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आता कोल्हापूर म्हणजे काय चीज आहे, ते फुटबॉलवाल्यालाच कळतं. तिथे आधी देश की आधी क्लब हा प्रश्नच नाही. तिथे आधी पेठ! पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलच्या टीम, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्ख्या पेठा गॅलरीत. अशा शहरातला पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि वर्ल्ड कपला उभा राहिला. त्या दिवशी मात्र सगळ्या पेठा एका बाजूला!

महाडकर म्हणतील, हे सगळं ठीक, पण आमचं मैदान कबड्डीचं. बरोबर! रायगड जिल्ह्यात चढाई-पकड शिकवावी लागत नाही. आणि इथलं कोडं तर फुटबॉलहून जुनं आहे: मुंबईत ऑफिसच्या टीमकडून खेळायचं की यात्रेला सुट्टी टाकून गावच्या मंडळाकडून? चाकरमान्याला विचारा, तो बॅग भरतच उत्तर देईल.

तर कबड्डीतला हा कडक किस्सा. ७ ऑक्टोबर २०२३, एशियन गेम्सची फायनल, भारत विरुद्ध इराण. स्कोअर २८-२८, एका चढाईवरून नियमांचा वाद, तासभर खेळ बंद! शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. भारताच्या संघात होता आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. समोर इराणचा मोहम्मदरेझा शादलू, ज्याची पकड बसली की सुटका नाही.

दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. शादलूवर २ कोटी ३५ लाखांची बोली कुणी लावली, माहीत आहे का? अस्लमच्याच पुणेरी पलटणने! आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटणने पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. कॅप्टन अस्लम, बेस्ट डिफेंडर शादलू. पाच महिन्यांत शत्रूचा सोबती!

हरियाणाने काय धडा घेतला? पुढच्या लिलावात त्यांनी शादलूलाच उचललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेच चॅम्पियन झाले.

आणि जाता जाता सगळ्यात तिखट. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भारताच्या मुली कबड्डीची फायनल हरल्या, इराणकडून, २४-२७. इराणच्या मुलींना शिकवलं कुणी, माहीत आहे का? नाशिकच्या शैलजा जैन बाईंनी! भाषा वेगळी, देश वेगळा, समोर स्वतःच्याच देशाचा संघ. बाईंनी शिकवण्यात जराही हात राखला नाही आणि इराणच्या मुलींनी सोनं जिंकलं.