सुनेच्या हाती झाडू आला तेव्हा...

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर पुरुषमंडळी ओट्यावर बसली होती. नोकरीतल्या बायकांचा विषय निघाला. एक बांधव म्हणाले, "आता कसला भेदभाव? पगार सारखा, हजेरी सारखी, रजा सारखी." आम्हीही मान डोलावली. तेवढ्यात वस्तीतले एक वडीलधारे काका बोलले. सफाई खात्यात तीस वर्षे काढलेला माणूस. म्हणाले, "मीबी असंच म्हणायचो. सून कामाला लागली अन् कळलं."

काकांचा मुलगा अकाली गेला. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, त्या वाटेने काकांच्या जागी सून लागली. तोच विभाग, तीच हजेरी चौकी. थोड्याच दिवसांत घरच्यांच्या ध्यानात आले की, सून पहाटे निघताना पाणी पीत नाही. चहासुद्धा दोन घोटच. सासूने खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, चौकीवर बायकांना संडास-मोरी नाही, दुपारी घरी येईपर्यंत कळ काढावी लागते. कपडे बदलायचे तर दोघीजणी दाराशी पहारा देतात.

काका म्हणाले, "तीस वर्सं त्या चौकीत गेलो, पण हे एकदाबी दिसलं नाही. आपण भिंतीकडं तोंड केलं की मोकळे!" ओट्यावर कुणी हसले नाही.

पुढचे सांगताना ते अडखळले. मुकादम बायकांवर अचकटविचकट बोलायचा आणि सगळे हसायचे. "मीबी हसायचो. आता तेच बोलणं सुनेवर होतं म्हटल्यावर दोन रात्री डोळा लागला नाही."

भेदभाव म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या बापजाद्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. ही हकिगत आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण त्याच गिरण्यांत बायका बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतच का असत, नवी यंत्रे व रात्रपाळ्या आल्यावर आधी त्यांचीच कामे का गेली, हे किती घरांत सांगितले जाते? बाबासाहेबांची नजर तिकडेही होती. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात, कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणाऱ्या बिलाच्या बाजूने ते बोलले होते.

आपल्याला टोचते ते आपल्याला लगेच कळते. जे आपल्या सोयीचे असते ते दिसत नाही. घरची लेकबाळ तिथे उभी राहिली की दिसू लागते. पण यात फार मोठेपणा आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्यांचे सासरे त्या चौकीत नव्हते, त्या बायकांचे काय? काकांना आम्ही हे विचारलेच. ते म्हणाले, "त्या होत्याच की तिथं. एक तर आपल्याच गल्लीतली."

निवृत्त असूनही काका युनियनच्या कचेरीत गेले. कमिटीत एकही बाई नाही. उत्तर मिळाले, "आधी थकबाकीचं बघू, बायकांचं मागून." मग सून आणि इतर बायकांनीच अर्ज लिहिला, चौकीतल्या सगळ्या जणींच्या सह्या घेतल्या. जिथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असे २०१३ चा कायदा सांगतो. चौकीत तिची पाटीही नव्हती. अर्जात तेही घातले. काकांनी सही मागितली तेव्हा जुन्या सोबत्यांपैकी तिघांनी केली. बाकीचे म्हणाले, "मुकादमाशी कशाला वाकडं?"

आता चौकीला लागून पत्र्याचा संडास झाला आहे. दाराला आतून कडी नव्हती, ती काकांनी बाजारातून आणून स्वतः बसवली. समितीतल्या बाईंचे नाव आणि फोन नंबर भिंतीवर लागला आहे. मुकादमाची चौकशी झाली नाही, नुसती बदली झाली. तो दुसऱ्या चौकीवर गेला. तिथेही बायका कामाला आहेत.