कूलरचं पाणी आणि गोडनिंब

गोडनिंबाच्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या. मग तो रंग टोकाकडून मधल्या शिरेकडे सरकत गेला आणि एप्रिल संपता संपता माझ्या खांद्याइतकं वाढलेलं झाड निम्मं उघडं पडलं. अकोल्यातल्या आमच्या गच्चीवर तेव्हा दुपारी पाय ठेववत नव्हता. मला वाटलं, झाड उन्हानं करपतंय. म्हणून पाणी वाढवलं. सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी. झाड आणखी करपलं.

ते पाणी कूलरच्या टाकीतलं होतं. नळ चार दिवसांआड यायचा, बोअरचं पाणी जपून वापरायचं, आणि टाकीच्या तळाशी रोज सकाळी बादलीभर पाणी उरलेलं असायचं. ते मोरीत का सोडायचं, असा माझा हिशेब होता. एकदा शेजारच्या मावशी मुगाच्या वड्या वाळत घालायला गच्चीवर आल्या. त्यांनी झारीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "हे पानी खारं हाय. तोंडात घेऊन पाय बरं. आमच्या गावची विहीर अशीच होती." मावशींचं माहेर पूर्णाकाठचं.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या मोठ्या भूभागाला खारपाणपट्टा म्हणतात. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे. विहीर खणली तरी ते पाणी शेतीला देता येत नाही, दिलं तर काळी माती चिकट होऊन बसते. म्हणून त्या पट्ट्यातली शेती पिढ्यान्पिढ्या पावसाच्या भरवशावर चालत आली. मावशींना जिभेवर जे कळलं ते त्या विहिरीवर लहानपणी शिकल्या होत्या. मला ते कळायला एक झाड गमवायची वेळ आली.

कूलरमध्ये काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. कूलर पाण्याची वाफ करतो, म्हणून हवा गार होते. वाफ होते ती फक्त पाण्याची, त्यातले क्षार टाकीतच राहतात. समजा दिवसभरात टाकीत 60 लिटर पाणी घातलं आणि त्यातलं 40 लिटर उडून गेलं, तर उरलेल्या 20 लिटरमध्ये साठांचे क्षार गोळा झाले. म्हणजे तिप्पट खारं पाणी. दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा नवं पाणी. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाअखेर जो पांढरा थर कडक होऊन बसतो, तो याच क्षारांचा. ते पाणी मी रोज दोनदा झाडाला पाजत होते.

मुळं पाणी ओढतात ती आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातल्या फरकावर. बाहेरच्या ओल्या मातीत क्षार वाढले की माती पाण्यानं भरलेली असूनही मुळांना ते ओढता येत नाही. झाड ओल्या कुंडीत तहानलेलं राहतं. जे थोडं पाणी वर चढतं ते पानातून वाफ होऊन उडतं आणि सोबत आलेले क्षार पानाच्या कडेला साठतात. म्हणून करपणं टोकापासून आणि कडेपासून सुरू होतं. उन्हाचा चट्टा वेगळा असतो, तो पानाच्या ऊन लागणाऱ्या भागावर मधेच कुठेही पडतो. हा एवढा फरक मला आधी ठाऊक असता तर मी झारी हातात घेतलीच नसती.

आणि खरं पाहिलं तर उन्हाळ्यात प्रत्येक कुंडी हाच कूलर असते. वरून थोडंथोडं पाणी घालायचं, ते उन्हानं उडून जायचं, क्षार मागे राहायचे. मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी बुरशी दिसते असं पुष्कळांना वाटतं. ती बहुतेक वेळा क्षारांचीच पापडी असते. म्हणून रोज पेलाभर शिंपडण्यापेक्षा जेव्हा पाणी द्यायचं तेव्हा ते खालच्या भोकातून निघेपर्यंत द्यावं आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्यावं, नाहीतर तेच क्षार मुळं पुन्हा वर ओढतात. पाणी कमी असेल तर कुंड्या कमी कराव्यात. हे लिहिताना जिवावर येतं, पण पंधरा झाडं भरपेट जगवणं हे चाळीस झाडं अर्धपोटी ठेवण्यापेक्षा बरं.

आमच्याकडची काळी माती ही दुसरी गोष्ट. शेतात ती सोनं आहे, कुंडीत मात्र ती एकटी चालत नाही. वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून बोटभर सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. मी एकदा अशी एक शेवंतीची कुंडी उपडी केली. बाहेरून ओली ढेप हातानं फोडली तर आत वीट होती, मुळांच्या जाळ्यासकट कोरडी ठणठणीत. अशी कुंडी घमेल्यात पाणी भरून त्यात तासभर बसवून ठेवावी लागते, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पुढच्या वेळी माती भरताना निम्मी काळी माती आणि बाकी कुजलेलं शेणखत, वाळू, पालापाचोळा घेतला की ही फट पडणं पुष्कळ कमी होतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार पालापाचोळ्यातून माती घडवण्यावर आणि जे केलं त्याची नोंद ठेवण्यावर भर देत. मी वही ठेवायला लागले ती त्यांच्यामुळे. गोडनिंबाची तारीखवार नोंद त्याच वहीत आहे.

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा पान स्वतःला गार ठेवायला घाम गाळतं. पानावरच्या बारीक छिद्रांतून पाणी उडतं आणि पान थंड राहतं, माठासारखं. मुळं तेवढं पाणी पुरवू शकली नाहीत की छिद्रं बंद होतात आणि पान मान टाकतं. दुपारी चारला मान टाकलेलं जास्वंद संध्याकाळी सातला आपोआप ताठ झालं तर त्याला काही झालेलं नाही. त्याला दुपारी पाणी घालायला धावू नये. सकाळी उठल्यावरही पान पडलेलं दिसलं तर मात्र खरी अडचण आहे.

पानापेक्षा मुळांची काळजी जास्त करावी लागते. जमिनीतली मुळं खोल गारव्यात असतात. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला पश्चिमेचं ऊन थेट लागतं, खालून स्लॅब तापतो आणि मुळं सगळीकडून भाजतात. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं, म्हणून ती गार राहते. पाणी जास्त पिते हे खरं, तरीही मी उन्हाळ्यासाठी मातीचीच कुंडी घेईन. प्लास्टिकच्या कुंड्यांना मी ओलं पोतं गुंडाळते, त्या विटांवर उचलून ठेवते आणि एकमेकींना खेटून मांडते, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. वरून हिरवी जाळी, आणि मातीवर चार बोटं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा. गावाकडून आणलेल्या कुटाराच्या एका पोत्यानं जे काम होतं ते बाजारातल्या कुठल्याही औषधानं होत नाही. दुपारी कुटार बाजूला सारून आत बोट घालावं. वर चटका आणि दोन इंच खाली ओल, गारवा. तो गारवा बोटाला लागला की मला दिवसभर बरं वाटतं.

बियांच्या पाकिटावर आणि पुण्या-बंगळुरूच्या बागकामाच्या व्हिडिओत सांगितलेलं असतं की भाजीला सहा तास थेट ऊन हवं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात सकाळचं तीन तासांचं ऊन पुरे. टमाट्याच्या बाबतीत मी बरेच उन्हाळे झगडले. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, आणि प्रत्येक फूल देठाशी पिवळं होऊन गळायचं. दिवसाचं तापमान 35 च्या वर आणि रात्रही गरम असली की टमाट्याचे परागकण निकामी होतात, फळ धरतच नाही. खत घालून यात फरक पडत नाही. सांबार (कोथिंबीर) आणि पालक यांचंही तसंच, उन्हाळा लागला की ते फुलावर येतात. ही हिवाळ्याची पिकं आहेत आणि ती दिवाळीच्या आसपास लावावीत.

उन्हाळ्यात घोळ लावावी. कोणी मुद्दाम लावत नाही, ती आपणच उगवते आणि आपण उपटून फेकतो. पण या भाजीकडे एक विलक्षण सोय आहे. एरवी ती दिवसा छिद्रं उघडून इतर झाडांसारखं अन्न करते, आणि पाणी तुटलं की निवडुंगाप्रमाणे रात्री छिद्रं उघडून हवा घेते, दिवसा ती मिटून ठेवते. म्हणूनच तिची जाड पानं मे महिन्यातही रसरशीत असतात. चवळाईसुद्धा कमी पाण्यात जास्त वाढणाऱ्यांपैकी. भर उन्हाळ्यात, बाजारातली पालेभाजी दुपारपर्यंत सुकून जाते तेव्हा, गच्चीवरून खुडून आणलेली घोळ आणि तुरीच्या डाळीचं वरण हे माझ्या घरचं आवडतं जेवण आहे.

आणि मोगरा. जानेवारीत त्याची छाटणी करून पानं काढली, शेणखत दिलं की मार्चपासून कळ्या लागतात आणि जितकं ऊन तापतं तितका तो बहरतो. मेअखेरच्या नवतप्यात, घरातली माणसं पंख्याखालून हलत नाहीत अशा संध्याकाळी, मी ओंजळभर कळ्या खुडते. अंधार पडला की त्या माठाजवळच्या ताटलीत उमलतात. पाण्याच्या मातीच्या भांड्यावर बुलबुलाची जोडी येते, सातभाई येतात. जाळीखालच्या ओल्या कोपऱ्यात चिमण्या भर दुपारी पोट मातीला टेकवून बसतात.

गोडनिंबाला मी मेमध्ये कूलरचं पाणी बंद केलं. करपलेल्या फांद्या कापल्या, वरची पांढरी पापडी खुरपीनं काढून टाकली, आणि नळाचं पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या हळूहळू ओतून माती धुऊन काढली. झाड तसंच उभं राहिलं, ना मेलं ना फुटलं. मृगाच्या सुरुवातीला दोन रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी वर गेले तर सगळ्या कुंड्यांच्या भोकांतून पाणी वाहत होतं आणि गच्चीच्या उतारावर ते वाळलं तिथं पांढरट रेघा उमटल्या होत्या. त्या रेघा मी मावशींना दाखवल्या. त्यांनी पदर खोचला, वाकून रेघेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. बारा दिवसांनी खोडावर, मातीपासून वीतभर उंचीवर, तीन फुटवे दिसले. वहीत त्या तारखेपुढे मी एवढंच लिहिलं आहे : पानं कडेपर्यंत हिरवी.